फळ्यावरची सीता

खडूचा तुकडा आज उजव्या टोकाला होता. रत्नप्रभा तो नेहमी डावीकडे ठेवी — वाचनालयाच्या दाराबाहेरच्या फळ्याखाली, पट्टीच्या अगदी कडेला, गेली बावीस वर्षं — आणि आज तो उजवीकडे, वर कुणाच्या तरी ओल्या अंगठ्याचा ठसा... मग तिने वर पाहिलं. काल तिनेच लिहिलं होतं : 'आजचा शब्द — शीतदही. कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात ठेवतात तो थंड दहीभात. लोक चुकून सीतादही म्हणतात.' त्यातल्या 'चुकून'वर आडवी रेघ होती, 'शीत'वर दोन, आणि शेजारी मोठाल्या, डगमगत्या अक्षरांत — सीता.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या फळ्यावर! चुकलेली वेलांटी बघून जिला रात्री झोप लागत नाही, तिची चूक काढणार कोण, तर ज्याला अक्षर धड एका रेषेत बसवता येत नाही तो! आणि तेही नेमकं आज. दहा वाजता साकेत पेंटरला घेऊन येणार होता. वाचनालयाचा नवा सचिव, पोरगा तसा भला, पण फळ्याची जागा त्याने कीटकनाशकाच्या जाहिरातीला देऊ केली होती. "मॅडम, कोण वाचून राह्यलं हे? शब्द, दिनविशेष, सामान्य ज्ञान... एक तरी वाचक दाखवा, फळा राहू देतो." आठ दिवस झाले. रत्नप्रभाला एकही नाव सांगता आलं नव्हतं. कापसाने दगा दिल्यापासून या फळ्यावर दोन वर्षांत शेतकऱ्यांच्या श्रद्धांजल्याच इतक्या लिहाव्या लागल्या, की लोक लांबूनच मान फिरवून जात. म्हणून तर ती हट्टाने वरच्या कोपऱ्यात रोज एक शब्द लिही — निदान एक तरी गोष्ट मेलेली नसावी म्हणून.

पुसून टाकावं. साकेतच्या नजरेला पडायच्या आत. तिने डस्टर उचललं...

शीतदही. हा शब्द तिला वडिलांनी दिला होता. नीळकंठराव, तहसील कचेरीतले अव्वल कारकून, कळंबात शुद्ध बोलण्यासाठी नावाजलेले. सहा वर्षांच्या रत्नप्रभाने 'मले भूक लागली' म्हटलं, तर पाटीवर शंभर वेळा 'मला' लिहून झाल्यावर ताट मिळालं होतं. आई मुकुटबनची, शेतातली. वेचणी सुरू झाली की पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पहिल्या ओळीशी दहीभात ठेवायची, हात जोडायची. "सीतादही केली," असं एकदा घरी येऊन बोलली, तेव्हा वडील हसले — शीतदही म्हण, अर्थ तरी कळतो का तुला? — आणि आई गप्प झाली. नंतर तो शब्द घरात कुणी उच्चारलाच नाही. मीही हसले होते तेव्हा, वडिलांच्या बाजूने.

"मॅडम, म्या लिवलं ते. राग आला काय?"

पाठीमागे लालीबाई उभी होती. तांड्यावरच्या बायांबरोबर रोज याच रस्त्याने वेचणीला जाणारी, कमरेला कापूस भरायची ओटी बांधलेली. बोटांना खडू लागलेला.

"तुम्ही... वाचता हे?"

"साक्षरतेच्या वर्गात शिकली न. रोज येक शबद वाचतो अन् दिसभर बायायले सांगतो, वेचता वेचता. पन काल साऱ्या हासल्या. वावरात उन्हात ठेवलेलं दही थंड कुठचं राहीन, मॅडम?"

रत्नप्रभाला आधी हसू आलं, मग ते आवरेना. खरंच की! इतक्या वर्षांत हे वडिलांच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. ती आत धावली, जाडजूड शब्दकोश उघडला, भराभर पानं उलटली. सीता — नांगराने जमिनीत पडलेली रेघ, तास. ... तासाला दही. मातीला, नांगराच्या रेघेला, पहिला घास. आईला अर्थ ठाऊक होता की नव्हता, कोण जाणे. शब्द मात्र तिचाच खरा होता. चाळीस वर्षं गप्प बसवलेली आई एका कापूस वेचणारीच्या हाताने फळ्यावर येऊन बसली होती, आणि आपण हरलो याचा एवढा आनंद रत्नप्रभाला आयुष्यात कधी झाला नव्हता.

बाहेर आली तेव्हा लालीबाई अजून उभी होती. "औंदा बोंडं नाईत म्हनून मालक सीतादही नको म्हने," ती म्हणाली. "आमी केलीच."

वळणावर मोटारसायकल दिसली. पुढे साकेत, मागे रंगाचा डबा मांडीवर घेतलेला पेंटर. डस्टर अजून हातात होतं. पुसलं तर माझी चूक झाकली जाईल. राहू दिलं तर माझा वाचक दिसेल, पण त्याआधी माझी चूक... तिने डस्टर पट्टीवर ठेवलं, खडू घेतला आणि 'सीता'च्या खाली ठळक लिहू लागली : 'काल लिहिले ते चूक. सीता म्हणजे नांगराचा तास. ही दुरुस्ती आमच्या वाचक लालीबाई यांनी—'

"मॅडम, पेंटर आणलाय. फळा उतरवायचा ना?"

तिने मागे वळून पाहिलं नाही. तोंडात दहीभाताची चव आली होती.

"थांब रे जरासा," रत्नप्रभा म्हणाली, "मले अजून लिवाचं हाये."