पाहुणीसाठी रिकामं केलेलं घर

चर्चच्या मागच्या खोलीत दर वर्षी पेटारे भरले जात, आणि ते भरणाऱ्या बाईंना सगळी मंडळी पेटारेमावशी म्हणत. समुद्रापलीकडच्या एका गरीब डोंगराळ मुलखात लूथरन मिशनचा छोटा दवाखाना होता. त्याच्यासाठी मावशी जुने कपडे, भांडी, खेळणी, हाताला लागेल ते गोळा करत, दाबून बसवत आणि झाकण लागेना झालं की स्वतः वर बसत. मावशी अंगानं भारदस्त होत्या. झाकणाची काय बिशाद!

माणसाचं तारण देवाच्या कृपेनं होतं, स्वतःच्या कर्मांनी नाही, हे पाळकसाहेब लूथरन परंपरेला धरून वरचेवर सांगत. मावशी मान डोलावत, "अगदी खरं" म्हणत आणि कृपेला आपला थोडा हातभार म्हणून आणखी एक पेटारा बांधायला घेत.

एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की त्या दवाखान्याच्या मुख्य नर्स, मोठ्या सिस्टर, आपल्याकडे पाहुण्या म्हणून येताहेत. "त्यांची सोय..." असं म्हणून ते थांबले. सगळ्या माना मावशींकडे वळल्या.

"माझ्याकडे! दुसरीकडे कुठे?" मावशी म्हणाल्या. छाती अशी फुगली, की ब्लाउजचं बटण घाबरलं.

घरी पोचेपर्यंत मात्र त्यांचा चेहरा उतरला. दारात उभं राहून त्यांनी आपल्या बैठकीच्या खोलीकडे पाहिलं. नवा कोरा सोफा. भिंतभर टीव्ही. काचेच्या कपाटात पाहुण्यांसाठी राखलेले आणि पाहुण्यांना कधीच न दिलेले कप. स्वयंपाकघरात दोन दारांचा फ्रिज.

"अहो, हे बघून तिला काय वाटेल?"

"फ्रिज बघून? थंड वाटेल," मास्तर म्हणाले. मावशींचे यजमान आयुष्यभर लोकांना मोटार चालवायला शिकवत आले होते. आता निवृत्त झाले होते, पण धोका दिसला की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा, ब्रेक शोधत. आत्ताही तो दाबला गेला.

"चेष्टा नको. तिकडे लेकरं अनवाणी फिरतात आणि आम्ही इथं सोफ्यावर लोळतो? म्हणेल, एवढं असून आम्हाला पाठवता काय, तर फाटके स्वेटर! सगळं हलवायचं."

"कुठं?"

"वन्संकडे."

वन्सं म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. ग्रंथालयात नोकरी केलेली बाई. दुसऱ्यांना "हळू बोला" सांगता सांगता त्यांचा स्वतःचाच आवाज कायमचा बारीक झाला होता. त्यांच्या टीचभर घरात आधीच एक सोफा, एक टीव्ही आणि एक फ्रिज होता. त्यात वहिनींचं सगळं घर घुसलं तेव्हा वन्सं कुजबुजत म्हणाल्या, "वहिनी, मी झोपू कुठं?"

"दोन सोफे आहेत, वन्सं. एकावर डोकं ठेवा, दुसऱ्यावर पाय."

फ्रिज हातगाडीवरून रस्ता ओलांडत होता तेव्हा पाळकीणबाई भाजी घेऊन चालल्या होत्या. त्या थबकून पाहत राहिल्या. मास्तर हातगाडीच्या मागे टीव्ही उराशी धरून चालत होते. चेहरा असा, की कुणाला वाटावं, पोटचं पोर सासरी निघालंय.

गुरुवारी सिस्टर आल्या. मावशी मुद्दाम कोपरावर ठिगळ लावलेला झगा घालून दारात उभ्या होत्या. समोर उतरल्या त्या कडक इस्त्रीच्या कोटातल्या, चकचकीत बुटांतल्या, उंच, हसऱ्या, धडधाकट बाई. इकडची भाषा त्या एका म्हाताऱ्या मिशनरीकडून शिकल्या होत्या. ते बिचारे बोलत तेही व्यासपीठावर उभे असल्यासारखे. त्यामुळे सिस्टरही तशाच बोलत.

"भगिनी! तुमच्या गृही शांती असो. मजकरिता काही कष्ट करू नका."

"कष्ट कसले, बसा ना," असं म्हणून मावशींनी त्यांना तिपाई दिली. माळ्यावरून काढलेली तिपाई. सिस्टर टेकल्या आणि तिपाईनं प्राण सोडला.

जमिनीवर बसल्या बसल्या सिस्टरनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर टीव्हीच्या जागी पांढरा चौकोन. फरशीवर सोफ्याच्या पायांचे चार डाग. "पाहा, येथे पूर्वी काही वस्तू असाव्यात," त्या हळूच म्हणाल्या.

"होत्या... गेल्या," मावशी म्हणाल्या. अगदीच खोटं नव्हतं. मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला.

रात्रीच्या जेवणाला उकडलेले बटाटे आणि पाव. फ्रिजच नाही तर लोणी ठेवणार कशात? सिस्टरनी अर्धा बटाटा खाल्ला आणि उरलेले मास्तरांच्या ताटात सरकवले. "मजला क्षुधा नाही. आपण सेवन करावे. आपली मुद्रा फार म्लान आहे." मास्तरांची मुद्रा म्लान होती कारण त्या वेळी टीव्हीवर फुटबॉलचा अंतिम सामना चालू होता आणि तो ते पाहत नव्हते.

सकाळी मावशी उठल्या तर टेबलावर अंडी, लोणी, चीज, फळं, मधाची बाटली. सिस्टर भल्या पहाटे जाऊन स्वतःच्या प्रवासखर्चातून घेऊन आल्या होत्या. मावशींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मास्तरांना नाही. त्यांनी एका अंड्यानंतर दुसरं अंडं फोडलं आणि म्हणाले, "मिशनचं कार्य खरंच मोठं आहे हो."

"गप्प बसा!" मावशी दातओठ खात पुटपुटल्या.

खरं सांगून टाकायचं धाडस त्यांना होईना. आज सांगू, उद्या सांगू करता करता रविवार उजाडला आणि पाळकसाहेबांनी सिस्टरना चार शब्द बोलायला बोलावलं.

सिस्टरनी दवाखान्याबद्दल सांगितलं. दोन दोन डोंगर ओलांडून बाळंतपणाला येणाऱ्या बायकांबद्दल सांगितलं. मग त्या मावशींकडे वळल्या. "परंतु आज मी आपणांस खचित सांगते, ज्या भगिनीने आम्हांस वर्षानुवर्षे पेटारे धाडिले, तिच्या घरात बसावयास आसन नाही! तिने सर्वस्व आम्हांस दिले. समुद्रापलीकडील दीनांची आठवण ठेवणाऱ्या मंडळीने आपल्या शेजारच्या दीनांस विसरू नये."

चर्चमध्ये टाचणी पडली असती तर दचकून चारजण उठले असते. पाळकसाहेब गोंधळले. त्याच घरातल्या त्याच सोफ्यावर बसून त्यांनी मागच्याच महिन्यात केक खाल्ला होता. पण पाळकीणबाईंनी फ्रिज जाताना डोळ्यांनी पाहिला होता, आणि दोन अधिक दोन करून त्यांचे बावीस झाले होते. उपासना संपायच्या आत ओळीओळींतून कुजबुज फिरली: मास्तरांचं काहीतरी बुडालं. बिचारे बोलले नाहीत. मानी माणसं.

सोमवारी सकाळपासून मावशींच्या दारात पिशव्या येऊ लागल्या.

पहिली पिशवी बेकरीवाल्याच्या बायकोची. झिप गेलेली पँट, एकाच पायाचे मोजे. दुसरीत कान तुटलेले कप. तिसरीत पोहण्याचा पोशाख, तोही जरा ओलसर. कुणीतरी निम्मं सोडवलेलं शब्दकोड्यांचं पुस्तक दिलं होतं. शेजारीण एक जांभळा कोट घेऊन आली आणि तिनं तो मावशींच्या अंगाला लावूनच पाहिला. "बटणं नाहीत, बाही जरा आखूड आहे. पण ऊब मिळाल्याशी मतलब, नाही का? तुम्हीच म्हणता ना नेहमी."

मावशी म्हणतच असत. पेटारा भरताना कुणी नाक मुरडलं, की हेच म्हणत.

"फार... फार उपकार झाले," त्या म्हणाल्या. शेजारणीच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की मावशींना तो कोट परत करवेना. ती जाईपर्यंत त्या जांभळा कोट घालून दारात उभ्या राहिल्या आणि हात हलवत राहिल्या. दार लावल्यावर पिशव्यांच्या ढिगाऱ्यात बसून त्यांना रडू फुटलं. मास्तर शेजारी येऊन बसले आणि गुपचूप शब्दकोडं सोडवू लागले.

मंगळवारी स्फोट झाला. सिस्टर सहज म्हणून वन्संकडे चहाला गेल्या. दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थिजल्या. दोन सोफे, दोन टीव्ही, दोन फ्रिज. वन्सं दोन सोफ्यांच्या फटीतून आडव्या होऊन स्वयंपाकघराकडे चालल्या होत्या.

"भगिनी," सिस्टर गंभीर आवाजात म्हणाल्या, "तुमचा सख्खा भाऊ तिपाईविना भूमीवर बसतो, आणि तुम्ही येथे दोन दोन शीतपेट्या बाळगता? तुमच्या अंतःकरणास पाझर कसा फुटत नाही?"

वन्संनी कपात साखर घातली. परत घातली. आणि आयुष्यभर साठवलेला आवाज एकदम बाहेर पडला.

"ते सगळं तिचं आहे! माझ्या वहिनीचं! मला रात्री कूस बदलता येत नाही! अंघोळीला जायचं तर फ्रिज ओलांडून जावं लागतं! आणि वर पाझर कुणाला फुटायचा, तर मला?"

रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले. दोघीजणी रस्ता ओलांडून मावशींच्या दारात आल्या. वन्सं पुढे, सिस्टर मागे. मावशींनी दोघींचे चेहरे पाहिले आणि ओळखलं.

"सांगते," त्या म्हणाल्या. "आमचं सगळं छान दिसलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून लपवलं. मी मूर्ख आहे. हवं तर पाळकसाहेबांकडे राहायला जा."

मास्तरांचा पाय ब्रेकवर गच्च. मग सिस्टरचे खांदे हलू लागले. आधी वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. भिंत धरून, पोट धरून, शेवटी कोटाच्या बाहीनं डोळे पुसत हसत होत्या.

"तुमचे पाळकसाहेब पूर्वी एकदा आमच्याकडे आले होते ना," त्या धापा टाकत म्हणाल्या, "तेव्हा आम्ही दवाखान्यातील नव्या खुर्च्या शेळ्यांच्या गोठ्यात लपविल्या! आमची स्थिती बरी दिसली, तर तुम्हांस वाटेल पेटाऱ्यांची गरज नाही. पाळकसाहेब दोन तास भूमीवर बसले. उठविण्यास माणसे लागली."

आता मास्तर हसू लागले, वन्सं हसू लागल्या. मावशींना मात्र पुरतं हसू येईना. त्या पिशव्यांच्या ढिगाकडे पाहत होत्या.

"सिस्टर, एक विचारू? खरं सांगायचं. आमच्या पेटाऱ्यांचं तुम्ही काय करता?"

सिस्टरनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी छताकडे.

"चादरी फार उपयोगी पडतात," त्या म्हणाल्या. "फार."

"आणि बाकीचं?"

"नेकटायांनी आम्ही वेली बांधतो. लोकरी टोप्यांत कोंबड्या अंडी घालतात. त्यांस फार आवडतात. बर्फावर घसरावयाचे ते बूट... ते काय आहे हे कळण्यास आम्हांस एक वर्ष लागले."

"मग कळवलं का नाही?"

सिस्टरनी ढिगातला जांभळा कोट उचलला. "हा तुम्ही परत का केला नाही?"

मावशींनी कोटाची आखूड बाही ओढून पाहिली. "तिचं मन मोडवेना," त्या म्हणाल्या.

"तेच," सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवशी संध्याकाळी सामान रस्ता ओलांडून परत आलं. सोफा दारात अडकला, मास्तर "डावीकडे, डावीकडे, आता मागे, आरशात बघा!" असं ओरडत राहिले. सोफा लागल्यावर सिस्टर त्यावर अशा पसरल्या, की दोन दिवस जवळजवळ उठल्याच नाहीत. मावशींनी काचेच्या कपाटातले कप काढले. मंडळीला खरी हकीगत सांगायला त्या स्वतः घरोघर गेल्या, प्रत्येकाची पिशवी हातात घेऊन. काहीजण हसले, काहीजण रुसले. बेकरीवाल्याच्या बायकोनं पँट परत घेतली आणि म्हणाली, "झिप बसवली तर चांगली आहे हो अजून." तरी ती कुणी बसवली नाही.

जाण्याआधी, खरंच काय हवंय असं मावशींनी विचारल्यावर, सिस्टरनी एकच गोष्ट सांगितली. डोंगरांतल्या वाड्यांवर जाऊन गरोदर बायकांना तपासणाऱ्या त्यांच्या सेविका चिखलातून चालतात. त्यांना रबराचे बूट हवेत. गुडघ्यापर्यंतचे. नवे.

"एवढंच?"

"एवढेच. परंतु नवे."

पुढच्या पेटाऱ्याच्या वेळी मावशी चर्चच्या मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. पाळकीणबाई फरची टोपी घेऊन आल्या. "केस गळतात, पण ऊब..."

"नको, बाई," मावशी म्हणाल्या.

"नको?"

"कोंबड्यांची सोय झालेली आहे."

पाळकीणबाई पुढे कितीतरी दिवस मावशींशी तुटक बोलत होत्या. पण बूट जमले, नवे. मावशींनी प्रत्येक जोड स्वतः पायात घालून खोलीभर फेऱ्या मारून पाहिला. पेटारा गेला आणि काही महिन्यांनी सिस्टरचा फोन आला.

"भगिनी, बूट पोहोचले. पाहा, फार उत्तम आहेत. परंतु..." सिस्टर अडखळल्या, मग धीर धरून म्हणाल्या, "आमच्या भगिनींचे पाय लहान आहेत. बूट चिखलात राहतात व भगिनी पुढे जातात. पुढील खेपेस दोन नंबर लहान धाडावे. आणि काळे नकोत. काळ्यांत विंचू दिसत नाही. पिवळे धाडावे."

मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारून घेतलं, फोन ठेवला आणि मास्तरांकडे वळल्या. चेहरा उजळला होता.

"अहो, ऐकलंत का? तक्रार केली त्यांनी! बूट मोठे आहेत म्हणे, आणि रंगही चुकला!"

चप्पल पायात अडकवून त्या तशाच बाहेर पडल्या. आधी वन्संना सांगितलं, मग बेकरीवाल्याच्या बायकोला, आणि मग, तुटक तर तुटक, पाळकीणबाईंनाही.