उताणं अंगुस्तान

नियम सात. शिंक आली तर डाव पुढच्याकडे जातो.

मागच्या खोलीतल्या पलंगावरची चादर रोज सकाळी झटकून ताणली जाते. त्यावर कोणी झोपत नाही.

सोफ्याची जुनी खोळ उसवली की आतून काय काय निघतं. पेन्सिलीचं टोक, केसांची पिन, एकदा एक दात.

नाटक कंपनीतली बाई फोनवर म्हणाली, "पोशाख शिवायचं काम आहे, फिरतीचं. संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर दुसरीला घेते."

अंगुस्तान उताणं ठेवलं तर हो. पालथं ठेवलं तर नाही.

सोफे-खुर्च्या मढवण्याचं दुकान, आणि त्यात तीन भावंडं. थोरली कापड बेतते, मधला स्प्रिंगा आणि फोम बसवतो, धाकटी शिवते. दुपारचे डबे झाले की खेळ. ज्याचा डाव त्याने एक नियम घालायचा, बदलायचा किंवा काढायचा, आणि तिघांनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून मत द्यायचं. मंजूर झालेला नियम कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, कापडावर खुणा करायच्या खडूने लिहितात. खडू पुसट होतोच. पुसून गेला तो नियम मेला. जगवायचा असेल तर कोणीतरी पुन्हा गिरवायचा.

बाबा गेल्यावर थोरली आणि मधला यांच्यातून विस्तव जात नव्हता. मग दुकानाच्या गोष्टीही खेळात यायला लागल्या: सुट्टी कुठल्या वारी, गिऱ्हाइकाशी कोणी बोलायचं, रेडिओ किती मोठा. हळूहळू घराच्याही. भांडणापेक्षा बरं, असं तिघांनाही वाटायचं.

आज डाव धाकटीचा होता.

"नियम घालते," ती म्हणाली. "ज्याला दुकान सोडून जायचंय त्याला जाता येईल."



"शिंक आली का कोणाला?" मधल्याने विचारलं.

"चेष्टा नको रे दादा. मला आजच कळवायचंय त्यांना."

मधल्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि अंगुस्तान उताणं ठेवलं. धाकटीचं आधीच उताणं होतं. थोरलीने आपलं पालथं ठेवलं आणि वर बोट दाबून धरलं, जणू ते पळून जाणार होतं.

"दोन विरुद्ध एक. झालं," मधला म्हणाला. "जा बाई, राजाराण्यांचे झगे शिव."

"काही झालेलं नाही," थोरली म्हणाली. "नियम एक. सगळे हो म्हणाले तरच."

"तो आपण बदलला की, ताई. हिवाळ्यात. आता बहुमत."

"बदलला कोणी? तू आणि मी. ही नाही म्हणत होती. सगळ्यांच्या होकाराशिवाय काहीच बदलत नसेल तर तो नियम तरी कसा बदलेल? हे माझं डोकं नाही, हिचंच आहे. ऊठसूट आमचं डोकं खायचीस ना यावरून?"

खायची खरी. कारण बहुमताच्या पहिल्याच डावात आई दुकानामागच्या खोलीतून थोरलीच्या घरी गेली. आईची पिशवी धाकटीनेच भरली, औषधांच्या वेळा थोरलीला दोनदा सांगितल्या, पण ते ठरलेलं तिने मानलं नाही. म्हणून आईच्या पलंगावरची ती रोजची चादर.

"तुझंच खरं धरू," थोरली म्हणाली. तिचे डोळे झोप न झाल्यासारखे सुजले होते. "बहुमत खोटं. मग आई परत इथे. तुला हवं होतं तेच ना? फक्त मग तू राहायचंस. आईचं पथ्यपाणी याच्याच्याने होणार नाही."

"माझ्या देखतच काढा माझी अब्रू."

"गप रे. की बहुमत खरं? मग आई माझ्याकडे आहे ते बरोबर आहे, आणि तू मोकळी. दोन्ही मिळणार नाही, बाळा."

धाकटी उठली, बसली. खाली मशीन नव्हतं, तरी तिचा पाय चालत होता. फोन पालथा केला, पुन्हा उताणा केला.

मधल्याने जाऊन कपाट उघडलं.

"बहुमताचा नियम कुणाच्या अक्षरात आहे?"

दारावरच्या सगळ्याच ओळी धाकटीच्या गोल अक्षरात होत्या. थोरलीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मधल्याला कंटाळा. ओळी फिकट झाल्या की धाकटीच वरून खाली गिरवत जायची, हात एकीकडे आणि मन दुसरीकडे. मधे ती ओळही यायची.

"गिरवायची सोडली असतीस तर उन्हाळ्याआधीच पुसली गेली असती," मधला म्हणाला. "जन्माला आम्ही घातला. वाढवलास तू."

"मला वाटलं, गिरवायचे तर सगळेच गिरवावेत."

"हात फिरला म्हणजे कबूल केलं असं होत नाही," थोरली म्हणाली. ती आता धाकटीचीच जुनी बाजू घेत होती, आणि ते तिघांच्याही लक्षात आलं.

"दर वेळी फिरला, ताई?" मधल्याने विचारलं.

धाकटीने खडू घेतला. बहुमताची ओळ ती पुन्हा गिरवायला लागली, या वेळी एकेक अक्षर वाचत. मधे एकदा थांबली. खडूचं टोक मोडलं, तिने ते खाली पडू दिलं आणि उरलेल्या तुकड्याने ओळ पुरी केली.

"हा खरा आहे," ती म्हणाली. "तेव्हाही होता."

"म्हणजे काय ते नीट सांग."

"आई तुझ्याकडे राहते."

थोरलीने आपलं अंगुस्तान तसंच पालथं उचलून खिशात टाकलं. "लिही मग तुझा नियम. माझं नाहीच आहे, एवढं ध्यानात ठेव."

धाकटीने तो खाली लिहिला, फोन लावला, हो म्हणाली, आणि मागच्या खोलीत गेली. चादर ओढली तेव्हा दुसरं टोक धरायला मधला आला होता. दोघांनी मिळून गादी गुंडाळली. पुढे दुकानात थोरली धाकटीच्या मशीनवर बसली होती. शिलाई वाकडी येत होती, नुसत्या आवाजावरूनच कळत होतं.

"धागा ओढू नकोस, ताई," धाकटीने आतून सांगितलं. "आपोआप येतो."

मशीन थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

हा खेळ, नियम एकसकट, बाबांनी काढला, दोन पोरांनी दुकानात धुडगूस घालू नये म्हणून. धाकटी तेव्हा जन्मायची होती.