ताईंना विचारा

"ताई, वास घ्या ना. किती मिनिटं?" प्रयोगशाळेच्या तरुण मॅडमनी ब्लीचची नवी बाटली पुढे केली.

ताईंनी बाटली नाकाशी धरली, भुवया उंचावल्या, सवयीने मान हलवली. वास मात्र आला नाही. दोन वर्षांपूर्वी एका तापात जो गेला, तो गेलाच. घरी दूध नासलंय का, हे आता नवरा सांगायचा. इथे कोणाला पत्ता नव्हता.

सव्वीस वर्षं ताई जंत पाळत होत्या. कुणी नोकरीचं विचारलं की त्या असंच सांगायच्या, आणि समोरचा हातातला चहा खाली ठेवायचा. डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे जंत काचेच्या प्लेटमध्ये वाढत. प्लेटला बुरशी लागली की 'धुणं' निघायचं, म्हणजे जंत ब्लीचमध्ये घालायचे. बुरशी मरते, मोठे जंतही विरघळतात, पोटातली अंडी तेवढी कवचामुळे वाचतात. मिनिट कमी पडलं तर बुरशी राहते, जास्त झालं तर अंडीही जातात. त्यात ब्लीच जुनं झालं की मवाळ पडतं, नवं असलं की जहाल. ते ताई वासावरून ओळखायच्या. म्हणून निवृत्त झालेल्या मोठ्या सरांनी भिंतीवरच्या कृतीत कौतुकाने चौथी ओळ छापून घेतली होती : 'वेळ – ताईंना विचारा.'

दोन वर्षं ताईंनी "पाच" सांगून वेळ मारून नेली होती. एक-दोनदा चुकलं, पण डीप फ्रीजरमध्ये जंतांचा गोठवलेला साठा होता, खपून गेलं. मागच्या आठवड्यात फ्रीजरच बिघडला. सरांनी वाढवलेल्या जंतांच्या पहिल्या वाणाची आता एकच प्लेट उरली होती, आणि तिच्यावरही बुरशी चढली होती.

"पाच" ताईंच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"आधी साध्या जंतांवर चाचणी करू," त्या म्हणाल्या. "बुरशी लागलेल्याच घ्या. दोन मिनिटं, तीन, चार, पाच."

"तुमचं नाक असताना?" मॅडम हसल्या.

"नाक नुसतं तोंडावर आहे हो. वास येत नाही मला. दोन वर्षं झाली."

"मग इतके दिवस...?"

"अंदाजपंचे." ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी चार नळ्या स्टँडला लावल्या आणि घड्याळ ताईंच्या हातात दिलं.

धुतलेली अंडी रात्रभर चार प्लेटमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. दोनमध्ये बुरशी शाबूत. तीनमध्ये बुरशी नाही, पिल्लं नुसती वळवळत होती. चारमध्ये कशीबशी दोन-चार. पाचच्या प्लेटमध्ये सगळं सामसूम होतं. ताई त्या प्लेटवरून बराच वेळ उठल्या नाहीत.

सरांचा वाण त्यांनी स्वतःच्या हाताने धुतला. तीन मिनिटं, सेकंदावर नजर ठेवून. पुढच्या सकाळी त्यातही पिल्लं निघाली. ती बघून मॅडमनी टाळ्या वाजवल्या. ताई पेन घेऊन भिंतीपाशी गेल्या.

चौथ्या ओळीतलं 'ताईंना' त्यांनी एका रेघेत खोडलं. वर वळणदार अक्षरात लिहिलं, 'जंतांना'.