पत्र्याखालची ती दुपार

मी ठिपकी कोंबडी बोलतेय. हसू नका. कोंबडीच्या अकलेवर माणसं पुष्कळ विनोद करतात. पण त्या दुपारी परसात काय घडलं, ते मी स्वतः भोगलंय.

आम्ही चार पिल्लं एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून या घरी आलो. वाटेत एकीचा पाय चेंगरला, ती लंगडी. घरची सूनबाई कपडे शिवायची. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्या चार दिवसांत त्याने जुन्या दाराच्या फळ्यांचं खुराडं ठोकलं आणि वर पत्रा टाकला. पावसाला तो उत्तम होता. उन्हाचा विचार कोणी केला नाही.

घरात सासूबाईही होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या कशालाही हात लावायला गेल्या की सूनबाई म्हणायची, "आई, तुम्ही बसा. मी करते."

"बसून बसून मला मुंग्या लागतील गं," त्या पुटपुटायच्या आणि बसायच्या.

त्या उन्हाळ्यात मी खुडूक झाले होते. पोटाखाली नऊ अंडी, सतरावा दिवस. एक बोका परसात घिरट्या घालायचा, म्हणून सूनबाई बाहेर जाताना कडी लावून वर तार पिळायची. त्या दिवशी तिला शाळेचे गणवेश पोचवायचे होते. तिने पाणी भरलं, सावली बघितली, तार पिळली. "तासाभरात येते," म्हणाली आणि गेली.

तास गेला, दुसरा गेला. भिंतीची सावली सरकत सरकत आमच्यावरून निघून गेली. पत्रा तापू लागला. लंगडीचा तोल जाऊन पाण्याचं भांडं कलंडलं. माती ते पाणी गटागटा प्यायली.

आम्हाला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून दूर धरायचे, एवढंच आमच्या हाती. आधी आम्ही ओरडलो. मग ओरडायलाही दम उरला नाही. लंगडीचा तुरा फिका पडला आणि ती कुशीवर कलली. अंड्यांवरून उठावं की बसावं, मला कळेना. मी बसूनच राहिले.

घरात सासूबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी खिडकीतून विचारलं, "काय गं बायांनो, आज एवढ्या गप्प?"

आम्ही नुसत्या धापा टाकत होतो. थोड्या वेळाने मागचं दार करकरलं.

कपड्यांची दोरी धरून त्या अनवाणीच आल्या. हात पत्र्याला लागला. "आई गं!" बोटं तोंडात घालून त्या क्षणभर थांबल्या, मग चाचपडत कडी शोधली. कडीवर तार! त्यांनी पीळ सोडवायला घेतला, तर तो उलटा घट्ट झाला. आतून मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आमच्यासारखाच. "थांबा हं, थांबा," त्या कोणाला सांगत होत्या कोण जाणे. पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या बाजूने. एक वेढा, दोन, तीन.

दार उघडलं. हाताला लागेल तिला उचलून त्यांनी न्हाणीघरात नेलं आणि घमेल्यातल्या पाण्यात छातीपर्यंत बुडवलं. "डोकं वर, डोकं वर ठेव." लंगडीला तर त्यांनी तीनदा बुडवलं, चोचीला पाण्याचं बोट लावलं. तिची मान सरळ होईना. मग माझी पाळी. मी त्यांच्या मनगटाला कचकन चोच मारली, रक्तच आलं.

"मार, मार! जिवंत आहेस तर!"

सूनबाई धावतच आली. दोन गणवेश आखूड निघाले, त्यांची उंची तिथेच बसून वाढवून द्यायला लावली होती तिला. खुराडं रिकामं, दार सताड उघडं! बोक्याने डाव साधला असं वाटून ती किंचाळलीच.

"ओरडू नकोस, घाबरतात," न्हाणीघरातून आवाज आला. सासूबाई ओल्या फरशीवर बसल्या होत्या. आम्ही तिघी त्यांच्याभोवती आणि मांडीवर लंगडी. ती गेली होती.

सूनबाई त्यांच्या शेजारी ओल्यातच बसली. "आई, दार मी लावलं होतं."

"बोका येतो म्हणून लावलंस."

"आणि तार?"

"तार मात्र पुन्हा पिळू नकोस," त्या हळूच म्हणाल्या.

माझ्या नऊ अंड्यांतून एकही पिल्लू निघालं नाही. एकविसाव्या दिवशी निघायला हवी होती; मी पंचवीस दिवस बसून पाहिलं.

आता खुराडं झाडाखाली आहे. दोन बाजूंना जाळी, पत्र्यावर ओलं गोणपाट, पाण्याला कलंडणार नाहीत अशी दोन जड भांडी. तासातासाला गोणपाट भिजवायचं काम सासूबाईंचं. त्यांना "बसा" असं आता कोणी म्हणत नाही.

तुमच्याकडे आमच्यापैकी कोणी असेल, तर एवढंच मागणं आहे : सकाळची सावली बघून निर्धास्त होऊ नका. भर दुपारी एकदा येऊन बघा.

मी म्हातारी झालेय. अंडं देऊन वर्ष उलटलं. परवा शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "हिचं आता काय करायचं?"

सासूबाई गोणपाटावर पाणी ओतत होत्या. त्यांनी मानही वळवली नाही.

"करायचं काय? सावलीत ठेवायचं."