पहारेकऱ्याचे बेचाळीस अंक

थोरला भाऊ धाकट्याच्या कामाच्या जागी कधी फिरकत नसे. धाकटा ग्रंथालयात पुस्तकं दुरुस्त करायचा. जिन्याखालची लांबट खोली, खळीचा आंबूस वास, पुस्तकं दाबायच्या यंत्राचं करकरणारं चाक आणि टेबलावर कुणाच्या तरी निष्काळजीपणानं फाटलेली पानं, एवढंच त्याचं राज्य. थोरला विमा कंपनीचा सर्व्हेअर. अपघातात चेपलेल्या गाड्या बघून नुकसान ठरवायचं हे त्याचं काम. माणसाकडे बघतानाही तो आधी पोचे मोजतो, असं त्याची बायकोच म्हणायची.

त्या मंगळवारी दुपारी तो काखेत एक चपटा खोका घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा धाकट्याला वाटलं, आईला काही झालं.

"आई बरी आहे," थोरला म्हणाला. "तुझ्या धंद्यातला सल्ला हवाय. एका ओळखीच्याकडून जुने कॉमिक्स मिळालेत. पूर्ण संच, बेचाळीस अंक. तीन दाखवायला आणलेत. ग्रेडिंगला पाठवावेत की नाही, एवढं सांग."

ग्रेडिंग म्हणजे काय ते धाकट्याला ठाऊक होतं. संग्राहक लोक तसले अंक एका संस्थेकडे पाठवतात. तिथले तज्ज्ञ भिंगाखाली कोपरे, पिना, कागदाचा रंग, घड्या, डाग सगळं तपासतात, दहापैकी गुण देतात आणि अंक कडक पारदर्शक डबीत कायमचा बंद करून परत पाठवतात. डबी फोडली की गुण गेले.

थोरल्यानं खोका उघडला. वरच्याच अंकावर लाल अंगरख्यातला माणूस कंदील उंच धरून उभा होता. *तांबडा पहारेकरी*, अंक पहिला.

धाकट्यानं हातातला खळीचा ब्रश खाली ठेवला. "माझ्याकडेही होते हे."

"म्हणून तर घेतले. बघितल्याबरोबर तुझी आठवण झाली." हे बोलताना थोरल्याची पापणीही लवली नाही. "एकच भानगड आहे. हा पहिला अंक कुणा मूर्खानं दोऱ्यानं शिवलाय. तेवढा दोरा काढून जुन्यातली पिन बसवून देशील? कळता मात्र कामा नये."

धाकट्यानं हात पुसले, पारदर्शक वेष्टनातून अंक काढला आणि मधोमध उघडला. निळा जाड दोरा. पाच भोकं, वेडीवाकडी. तिसरं फाटलेलं, म्हणून तिथं दोनदा टाका घातलेला. आणि गाठ बाहेरच्या बाजूला.

आई तेव्हा घरी बसून कारखान्याच्या कामगारांचे निळे डगले शिवायची. पहिल्या अंकाच्या पिना गंजून निघाल्या, तेव्हा अकरा वर्षांच्या धाकट्यानं तिच्याकडे हातभर दोरा मागितला होता. तिनं तो मेणबत्तीवर घासून सुईत ओवून दिला होता. शिवलं मात्र त्यानं स्वतःच, जिभेचं टोक दातांत धरून. त्याच्या आयुष्यातली ती पहिली बांधणी.

"कुठल्या ओळखीच्याकडून मिळाले?"

"आहे एक. तू नाही ओळखत."

"नाव सांग."

"नावाशी तुला काय करायचंय?"

"दादा, ही गाठ माझी आहे."

थोरला हसला. "अरे, तसे दोरे लोक तेव्हा…"

"पुस्तकाची गाठ बाहेरून कुणी मारत नाही. अख्ख्या जगात नाही. अकरा वर्षांचं गाढवच मारतं. ते गाढव मी होतो. आता बोल."

थोरल्यानं खुर्ची शोधली. खुर्चीवर पुस्तकं होती, म्हणून तो उभाच राहिला. मग खोक्याच्या झाकणाकडे बघत, हलक्या आवाजात बोलला. "सतरा वर्षांचा होतो मी. तू बाबांना माझ्या सिगारेटचं सांगितलंस. त्यांनी मला शेजाऱ्यांदेखत झोडपलं. तुला चार दिवस रडवायचं आणि परत जागच्या जागी ठेवायचे, एवढंच मनात होतं. मित्राच्या माळ्यावर नेऊन टाकले. आणि मग आईच म्हणाली की तिच्याच हातून रद्दीत गेले असतील. आता ती स्वतःच म्हणतेय म्हटल्यावर…"

"म्हटल्यावर तू गप्प बसलास."

"एक दिवस गेला, मग आठवडा. पुढे तोंड उघडायची सोयच राहिली नाही. नोकरी लागल्यावर माळ्यावरून आणून माझ्या कपाटात ठेवले."

एकतीस वर्षं झाली होती या गोष्टीला. त्या दिवशी आईनं खरंच वर्तमानपत्रांचा गठ्ठा रद्दीवाल्याला दिला होता. धाकटा शाळेतून आला, पलंगाखाली हात घातला, तर जागा रिकामी. त्यानं घर डोक्यावर घेतलं. आई आधी ठामपणे नाही म्हणाली, मग जरा घुटमळली, आणि शेवटी तिचं तिलाच वाटायला लागलं की गठ्ठा बांधताना तेही त्यात गेले असावेत. ती भर दुपारी रद्दीवाल्याच्या दुकानापर्यंत धावत गेली, तिथल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून शोधत बसली. धाकटा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. पुढे राग ओसरला आणि त्याची थट्टा झाली. घरात काहीही सापडेनासं झालं, चावी असो की चष्मा, की कुणीतरी म्हणायचं, "आईला विचारा, रद्दीत गेलं असेल." सगळे हसायचे. आईही हसायची. पण तेव्हापासून तिनं विचारल्याशिवाय कागदाचा कपटासुद्धा टाकला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई बिस्किटाच्या पुड्याचं रिकामं वेष्टन हातात धरून अजून विचारते, "हे टाकू ना रे?"

हे सगळं धाकट्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

थोरल्याला ती शांतता बरी वाटली असावी. त्यानं पुढचा अंक हलकेच उचलून दिव्यासमोर धरला. "झालं ते झालं. पण अवस्था तर बघ यांची! कोपरे सुईसारखे आहेत. तुझ्याकडे असते तर चिंध्या झाल्या असत्या. मी जपले म्हणून आज…"

"जपले?" धाकटा इतक्या जोरात ओरडला की वरच्या मजल्यावरची ग्रंथपाल बाई कठड्यावरून वाकून बघायला लागली. "चोरानं माल नीट ठेवला म्हणून त्याचा सत्कार करायचा? हे कोपरे का सुईसारखे आहेत, सांगू? कारण एकतीस वर्षं त्यांना कुणी हात लावला नाही! ज्यानं वाचायचे त्याला तू वाचू दिले नाहीस. हात न लावलेल्या अंकालाच तिथं जास्त गुण मिळतात ना? मग लिही फॉर्मवर, भावाचे चोरले, आईच्या माथी मारले, म्हणून उत्तम स्थितीत!"

"हळू बोल."

"का हळू बोलू? तू पोटात ठेवलंस ते पुरे झालं." त्यानं पहिला अंक परत वेष्टनात सरकवला आणि तिन्ही आपल्या पिशवीत घातले. "पाच वाजता तुझ्या घरी येतो. बाकीचे एकोणचाळीस काढून ठेव."

"आईला सांगणार आहेस?" थोरल्याचा चेहरा पहिल्यांदाच पडला.

"मी नाही. तू."

पाचपर्यंत धाकट्याच्या हातून एक धड टाका पडला नाही. खळ पातळ झाली, एका शब्दकोशाचा पुठ्ठा उलटा चिकटला. पण खरं सांगायचं तर त्या रागात एक सुखही होतं. राग कसा स्वच्छ होता. दोष सगळा पलीकडे आणि आपण अलीकडे. वाटेत चालता चालता तो मनात वाक्यं जुळवत होता. आईच्या डोळ्यांत पाणी येईल, ती आपला हात धरेल, आपण म्हणू, बघ आई, शेवटी मीच शोधून काढलं. असं सगळं चित्र तयार होतं.

आई थोरल्याकडेच राहायची. जेवणाच्या टेबलाशी बसून ती मटार सोलत होती. वहिनी ओट्याशी होती. थोरल्यानं बाकीच्या अंकांचा खोका टेबलावर ठेवला आणि अपघाताचा अहवाल वाचावा तसं, एका सुरात, सगळं सांगून टाकलं. कुठं थांबला नाही, कुठं स्वतःला झाकलंही नाही. तेवढं मात्र त्याच्या पदरात टाकायला हवं. शेवटी म्हणाला, "चुकलं माझं."

आईच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली.

"एकही गेला नव्हता रद्दीत?"

"नाही."

"मी त्या दुकानात जाऊन धुळीत हात घातले, तेव्हा तू घरीच होतास."

"हो."

"तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्यांपर्यंत ती गोष्ट पोचली होती. तेही हसले. तू त्यांच्या शेजारी उभा होतास."

वहिनीनं गॅस बंद केला. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडाकडे बघून कुणीही ओळखलं असतं.

आता आपली वेळ, असं धाकट्याला वाटलं. तो पुढे झाला. "आई, मी त्याला आज चांगलाच…"

"तू गप्प बस."

तो जागीच थांबला.

"तू मला काय म्हणाला होतास, आठवतं? चौथी शिकलेल्या बाईला पुस्तकाची काय किंमत, असं म्हणाला होतास."

"आई, मी अकरा वर्षांचा होतो."

"होतास. मग बाराचा झालास, वीसचा झालास, पोराबाळांचा बाप झालास. पुस्तकांच्याच कामाला लागलास. तरी ती रद्दीची थट्टा दर वेळी सगळ्यांआधी कोण काढायचं? तूच. यानं चोरी केली, हा नालायकच आहे. पण तू एकदा तरी म्हणालास का, की माझी आई असं करणार नाही? नुसती शंका तरी घेतलीस? मीही नाही घेतली. तुम्ही सगळे इतके ठाम होतात की मला माझेच हात परके वाटायला लागले."

तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. आवाजही चढला नव्हता, आणि म्हणूनच धाकट्याला कुठं बघावं ते कळेना. दुपारपासून उराशी धरलेला तो स्वच्छ राग त्याच्याच अंगावर उलटला होता.

अशा वेळी शहाण्यानं तोंड मिटून बसावं. पण थोरल्याची खोड जुनी. जरा वेळानं तो खाकरला. "हे आता त्याचेच आहेत, मला त्यातलं काही नको. पण शुक्रवारपर्यंत फॉर्म गेला नाही तर ग्रेडिंगची ही खेप हुकेल. तेवढं ठरवून…"

"अहो!" वहिनी दातओठ खात म्हणाली.

"थांब गं," आई म्हणाली. "काय असतं ते? सांग मला."

थोरल्यानं सांगितलं. कोपरे, पिना, दहापैकी गुण, डबी. सांगता सांगता त्याचा आवाज थोडा खुललासुद्धा.

"म्हणजे डबीत गेल्यावर ते उघडायचं नाही?"

"उघडलं की संपलं."

"मग आत काय लिहिलंय ते वाचायचं कसं?"

"वाचायचं नसतंच गं आई. जपायचं असतं."

आईनं सोललेले मटार बाजूला सारले. साल लागलेले हात तिनं अंगावरच्या कपड्याला पुसले आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. "ज्याच्यापायी इतकी वर्षं बोलणी खाल्ली, ते आहे तरी काय, ते मी अजून वाचलेलं नाही. पहिला अंक आण."

धाकट्यानं पिशवीतून काढून दिला. तिनं वेष्टन टरकावलं, बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

थोरल्याच्या तोंडून दार करकरावं तसा आवाज निघाला. "आई, निदान हात तरी धू!"

"मटारच सोलत होते, डांबर नव्हते लावत."

धाकट्याच्या खोलीत भिंतीवर त्यानंच रंगवलेली पाटी होती, की पानं उलटताना बोटाला थुंकी लावू नये. त्या पाटीवरून त्यानं भल्याभल्या प्राध्यापकांना झापलं होतं. आता तो ओठ घट्ट मिटून उभा राहिला. ओठ हलवत, एकेक शब्द जुळवत, आईनं चार पानं वाचली. मग पाचव्याचा कोपरा चांगला नखानं दाबून दुमडला.

"दुमडू नकोस गं!" थोरला कळवळला.

"मग कुठवर आले ते कसं कळणार मला?"

शुक्रवार आला नि गेला. फॉर्म टेबलाच्या खणात कोरा राहिला. आई दिवसाला एक अंक वाचायची, कधी चहाचा कप शेजारी ठेवून, कधी कप थेट मुखपृष्ठावर ठेवून. थोरला कामावरून आला की मुकाट्यानं त्या दिवसाचा अंक नव्या वेष्टनात घालायचा आणि दुसऱ्या दिवशी आई तो मागचं काहीतरी तपासायला म्हणून पुन्हा बाहेर काढायची. सातव्याच्या वेळी त्यानं हात जोडले. "हा एक सोड. याला नऊच्या वर मिळतील. हवं तर मी वाचून दाखवतो, तू हात लावू नकोस." आईनं सातवा उघडा करून उशीवर पालथा घातला आणि दुपारची झोप काढली.

धाकटा दर शनिवारी यायचा. दोघं भाऊ सोफ्याच्या दोन टोकांना बसायचे, एकमेकांशी बोलायचे नाहीत. वहिनी चहा द्यायची, तोही थोरल्याला सगळ्यांत शेवटी. आई धाकट्याच्या मुलांची चौकशी करायची, ती वहिनीमार्फत. जातो म्हटलं की मान हलवायची.

तिसऱ्या शनिवारी ती एकोणिसाव्यावर होती. पहारेकऱ्याला शत्रूंनी विहिरीत कोंडलं होतं.

"हा माणूस बावळट आहे," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "सगळं गाव राखतो आणि घरातलाच फितूर याला दिसत नाही."

थोरला खिडकीबाहेर बघायला लागला. आईनं जिभेला बोट लावलं आणि पान उलटताना ते वरून बोटभर फाटलं. थोरल्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. ते बघून धाकट्याला हसू आवरेना. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तो मोकळा हसला.

आईनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"तू काय हसतोस?" ती थेट त्यालाच म्हणाली. "तुझ्याशी मी अजून भांडायला सुरुवातही केलेली नाही."