पाकीट सापडलं होतं

वाचनालयाच्या तळघरात बसून बाइंडरबाई एकोणीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत होती. वरच्या सभागृहात महिन्यातून एकदा पुस्तकावर नाहीतर सिनेमावर चर्चा व्हायची. तिच्यासारख्या काळ्या कातडीच्या, नदीपलीकडच्या माणसांवर तिथे पोटतिडकीने बोललं जायचं. "बोलू दे की. आपल्याविना अडतंय कुठे?" असं म्हणत ती खळीच्या भांड्यात बोटं बुडवायची.

या खेपेला मात्र ग्रंथपालबाईंनी तिला हाताला धरून वर नेलं. त्या दिवशी दाखवलेल्या सिनेमात एका निरपराध माणसाला एका साक्षीवरून तुरुंगात टाकलं होतं. दिवे लागल्यावर औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले, "असं खोटं बोट दाखवणाऱ्याला झोप कशी लागत असेल?"

"लागते," बाइंडरबाईच्या तोंडून निघून गेलं. सगळे वळून बघू लागले, तेव्हा तिने सांगून टाकलं. तिचा धाकटा भाऊ बाजाराच्या थांब्यावर बससाठी उभा होता. कुणा बाईचं पाकीट गेलं. पोलिसांनी विचारल्यावर तिने त्याच्याकडे बोट केलं. खटला उभा राहिलाच नाही, पण सात महिने तो आत होता. छातीचं दुखणं घेऊन बाहेर आला आणि वर्षाच्या आत गेला. ती बाई कोण, हे घरच्यांना कधी कळलं नाही.

चर्चा चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी एरवी समारोप केला असता. आज त्यांनी हातातले कागद मिटले आणि चर्चा संपल्याचं सांगितलं.

लोक पांगल्यावर त्या जिना उतरून तळघरात आल्या. "पाकीट हिरवं होतं," त्या म्हणाल्या. "ती बाई मी."

बाइंडरबाईने सुई खाली ठेवली.

"चार दिवसांनी ते घरातच सापडलं. कपाटामागे पडलं होतं."

"आणि तुम्ही?"

"ठाण्यात जायला निघाले होते. दारापर्यंत गेले. वाटलं, शाळेत तोंड कसं दाखवू? शिवाय पुरावा नाही म्हटल्यावर त्याला सोडतीलच." त्या रडू लागल्या. "मला माफ करा हो."

"माफ करणारा गेला, बाई." बाइंडरबाईने कोरा कागद पुढे सरकवला. "पाकीट घरात सापडलं, एवढं लिहा. खाली सही करा."

मुख्याध्यापिकांनी लिहून दिलं. अक्षर अजूनही फळ्यावरच्यासारखं वळणदार होतं.

घरी आई खिडकीपाशी बसली होती. तिला दिसत नव्हतं, म्हणून बाइंडरबाईने कागद वाचून दाखवला. आई कुणाला शिव्याशाप देईल, छाती पिटून घेईल असं तिला वाटलं होतं. आई नुसती गुडघे चोळत राहिली.

"म्हणजे त्याने नव्हतंच घेतलं," ती म्हणाली.

"आई!"

"सुटून आला त्या दिवशी मी त्याला विचारलं होतं गं. म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांग, नाही ना घेतलंस? भरल्या ताटावरून उठला माझं लेकरू. त्यानंतर माझ्याशी कधी धड बोलला नाही." आईने चाचपत तिचा हात धरला. "तू होतीस ना तेव्हा? तू तरी म्हणालीस ना त्याला, की माझा विश्वास आहे म्हणून?"

बाइंडरबाई होती तिथेच, त्याच्या शेजारच्या पाटावर. तिने मान वर केली नव्हती. खाली बघून जेवत राहिली होती.

"म्हणाले होते," ती आईला म्हणाली.