मातीखालचं वेटोळं

मित्रांनो, मातीत मुरलेली मी एक जुनी रहिवासी आहे. लोक मला देवगांडूळ म्हणतात. पण मी गांडूळ नाही आणि सापही नाही. बेडकांच्या भावकीतली मी, फक्त हातपाय नसलेली. अंगावर बांगड्या भराव्यात तशी वळी आणि मोहरीएवढे डोळे. दिसतं थोडं, कळतं पुष्कळ.

त्या वर्षी रोपवाटिकेच्या नळाखाली, दगडाआड मी अंडी घातली. एकमेकांना जोडलेली, ओवलेल्या मण्यांसारखी. त्यांच्याभोवती वेटोळं घातलं. आमच्यात आईनं उठायचं नसतं. तिच्या अंगाची ओल गेली की अंडी सुकतात. पोटात कावळे ओरडत होते, तरी मी हलले नाही.

एका सकाळी दगड उचलला गेला. रोपवाटिकेत गांडूळखत करणारी वहिनी हरखून म्हणाली, "भावजी, बघा तरी! केवढं हे गांडूळ! दहा जणांचं काम एकटं करील."

रोपं लावणारा तिचा दीर लांबूनच ओरडला, "वहिनी, साप आहे तो! थांबा, फावडं आणतो."

"तुम्हाला दोरीसुद्धा सापच वाटते," म्हणत तिनं मला अलगद उचललं आणि गांडुळांच्या पेटीत सोडलं. चिखलातली अंडी तिला दिसलीच नाहीत.

पेटीच्या भिंती गुळगुळीत होत्या. मी पुन्हा पुन्हा चढले, पुन्हा पुन्हा घसरले. तिकडे माझी बाळं उघड्यावर, वर ऊन चढत चाललेलं. शेवटी त्राण संपलं आणि समोर आलेलं एक गांडूळ मी तोंडात धरलं.

"अगंबाई! हे तर माझी गांडुळंच खातंय!"

"दहा जणांचं काम कुठलं? दहा जणांचं जेवण म्हणा!" हसत हसत भावजींनी फावडं उगारलं.

वहिनीनं ते हातानं अडवलं. वाकून तिनं मला नीट न्याहाळलं. "गांडुळाला दात कुठले? आणि सापासारखे खवलेही दिसत नाहीत. हे तिसरंच कुणीतरी आहे." मग तिचा आवाज बदलला. "भावजी, दगड उचलला तेव्हा हे पळालं का नाही हो?"

उत्तराची वाट न पाहता ती नळाकडे धावली. बोटाच्या टोकानं तिनं चिखल बाजूला केला.

"भावजी, फावडं ठेवा! ओंजळभर पाणी आणा आधी!"

किती हातांनी मला आजवर हुसकावलं. पण मातीला प्रश्न विचारणारे हात मी तेव्हाच पाहिले. तिनं मला पेटीतून उचलून अंड्यांशेजारी ठेवलं. कडेची दोन सुकून गेली होती. मी बाकीच्यांना हळूच स्पर्श केला. आत काहीतरी वळवळलं. मी वेटोळं घट्ट केलं आणि भावजींनी आणलेलं पाणी थेंब थेंब अंगावर उतरलं.

मित्रांनो, माती उकरावीच लागते, त्याशिवाय रोपं कशी लागणार? पण तुमची चाहूल लागूनही एखादा जीव जागचा हलला नाही, तर त्याला मुजोर समजू नका. क्षणभर थांबा. कदाचित त्यानं कुणाला तरी पोटाशी धरलेलं असेल.